पावसाची फट

आमचे मिस्त्री कुणाच्याही घरी पाहुणे म्हणून गेले, की आधी टेबलाखाली जात.

दारात चपला काढायच्या, "काय, बरं आहे ना सगळं?" असं विचारायचं, आणि घरातली बाई पाण्याचा ग्लास घेऊन येईपर्यंत डायनिंग टेबलाखाली उताणं पडायचं. वरून नुसते पाय दिसत. खालून एकेक निकाल ऐकू येई. "ह्याचे पाय खोटे आहेत." "इथे नुसता डिंक ओतलाय मेल्यांनी." मग बाहेर यायचं, कपडे झटकायचे आणि रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करून सांगायचं, "भुशाचं थालीपीठ आहे हो. घेऊन किती दिवस झाले?"

माझ्या सनाबिसच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा आमचा सोफा नवाकोरा होता. त्यांनी त्याला टकटक केलं, कान लावला, आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "ह्याच्यावर बसता तुम्ही?"

"हो."

"दोघं एकदम?"

पुढचा आठवडाभर आम्ही एकेकटे बसत होतो. नवऱ्याने मला बजावलं, की ह्या माणसाला पुन्हा बोलावशील तर पोहे गच्चीवर दे, तिथे फर्निचर नाही.

मी इथे बहरीनमध्ये एका इंटिरियरच्या कंपनीत ड्रॉइंग करते. किचनची कपाटं, दुकानांचे काउंटर, वॉर्डरोब, असलं काहीबाही कॉम्प्युटरवर काढायचं आणि वर्कशॉपला पाठवायचं. मिस्त्री त्या वर्कशॉपमध्ये होते. कणकवलीकडचे, पिढीजात सुतार, वय साठीच्या अलीकडे दोन पावलं. त्यांना नाव होतं, रेसिडेंट कार्डावर छापलेलंही होतं, पण ते कार्ड मागणारा सोडला तर कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. मीही इथे उच्चारत नाही. बरं वाटणार नाही त्यांना, दचकतील.

वर्कशॉपमध्ये भिंतीएवढी मशिनं. एका बाजूने एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाचा, तक्ता घातला, की दुसऱ्या बाजूने कपाटाचे तुकडे बाहेर, भोकांसकट. आणि मागच्या शटरपाशी, दहा बाय दहाच्या जागेत, मिस्त्रींचा कोपरा. एक जाडजूड बाकडं आणि एक लाकडी पेटी. पेटीत वडिलांच्या हातचा रंधा, आणखी तीन रंधे, पटाशा, करवती, हाताने भोक पाडायचं गिरमिट, काटकोन बघायचा गुण्या आणि वाकस. वाकस म्हणजे आडव्या पात्याची आखूड कुऱ्हाड समजा, लाकूड तासायची. मशिनने बिघडवलेलं काही असलं, एखाद्या हौशी माणसाचं जुनं फर्निचर असलं, की ते कोपऱ्यात यायचं. महिन्यातून दोनदा वगैरे. बाकीचे दिवस मिस्त्री धार लावत.

हत्याराला हात लावायच्या आधी ते चपला काढत. सेफ्टी ऑफिसरने किती वेळा सांगितलं, की पायात शूज पाहिजेत. मिस्त्री म्हणायचे, "देवळात जाताना घालतोस का?" सेफ्टी ऑफिसर केरळचा ख्रिश्चन. तो म्हणाला, "हो, घालतो." मिस्त्री दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

माणसांशी ते आपलं साधं मराठी बोलत, अरबांशी आणि बाकीच्यांशी मोडकं हिंदी. मालवणी राखून ठेवलेली होती लाकडासाठी. फळी बाकड्यावर घेतली, की "ये गो बाय, बस. काय झाला तुका?" गाठ आली, की "उगी रव, उगी रव, आता झाला." आम्ही सगळे त्या फळीवर जळायचो. आमच्याशी कुणी इतक्या प्रेमाने कधी बोललं नव्हतं, निदान त्या कंपनीत.

एकदा सुट्टीवरून येताना त्यांनी नवा वाकस आणला. बॅग स्कॅनरमधून गेली आणि एअरपोर्टवरच्या अधिकाऱ्याने ती उघडायला लावली. वर पाच किलो कोकम, खाली हे शस्त्र. "शिनू हाजा?" म्हणजे, हे काय आहे? आता कुणीही शहाणा माणूस "टूल, टूल" म्हणून हात जोडेल. मिस्त्रींनी चपला काढल्या. काउंटरवरची अधिकाऱ्याची पेन्सिल उचलली आणि त्या हातभर वाकसाने, तीन हलक्या फटक्यांत, तिला टोक काढून दिलं. सुईसारखं. अधिकारी पेन्सिलीकडे बघतोय, वाकसाकडे बघतोय. मग त्याने शेजारच्या काउंटरवरच्या दोन पेन्सिली मागवल्या. त्याही झाल्या. "खलास, यल्ला, यल्ला!" म्हणून त्याने बॅग बंद केली. ही गोष्ट मला मिस्त्रींनीच सांगितली, त्यामुळे पेन्सिली एक ते सात ह्यांमध्ये बदलत असतात.

माझ्याशी त्यांचं भांडण मापावरून. मी मिलिमीटरमध्ये ड्रॉइंग द्यायची, ते सुतात वाचायचे. इंचाचे आठ भाग केले, की त्यातला एक म्हणजे सूत. "बाय, हे बाराशे सदतीस काय लिहिलंस? फोन नंबर आहे काय?" मी म्हणायची, मिस्त्री, जग मिलिमीटरवर चालतं. ते म्हणायचे, जग चालू दे, दार चाललं पाहिजे. माझ्या माऊसचा तर त्यांना मनस्वी राग. "दिवसभर उंदीर धरून बसतेस. उंदराने कधी सुतारकाम केलंय? कुरतडायचं काम ते."

"अहो, पण माझी रेघ सरळ येते."

"तुझी रेघ सरळ आहे गो. झाड सरळ नसतं."

ह्याला उत्तर मला घरी गेल्यावर सुचायचं.

पण खरा राग होता बॅटरीवरच्या ड्रिल मशिनवर. आमच्या फिटरांच्या कमरेला ते पिस्तुलासारखं लटकलेलं असायचं. कोपऱ्याजवळ कुणी चालू केलं, की मिस्त्री दाढ धरून बसत. त्याला ते 'दाताचा डॉक्टर' म्हणत. "ते हत्यार नाही," हे त्यांचं ठाम मत, आणि ते दिवसातून तीनदा सांगायचे, जेवणाआधीच्या गोळीसारखं. "हत्याराला धार लागते. ह्याला चार्जर लागतो. फोन तो. भोक पाडणारा फोन."

असं सगळं बरं चाललं होतं. मग नवे जनरल मॅनेजर आले.

साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता हो, हे आधीच सांगते. वेळेवर यायचा, सगळ्यांना अहो-जाहो करायचा, फक्त त्याला रिकामी जागा दिसली की अंगाला खाज सुटायची. कोपरा बघितला त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ॲक्च्युअली इथे होतं काय?"

मी म्हटलं, "धार लावतात."

"कशाला?"

महिन्याभरात ठरलं, की त्या जागी कडा चिकटवायचं नवं मशिन येणार आणि मिस्त्रींचा व्हिसा ह्या खेपेला रिन्यू होणार नाही. वय झालंच आहे, असं साहेब म्हणाले, सन्मानाने निरोप देऊ, शाल वगैरे.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी चपला काढल्या. वडिलांचा रंधा काढला आणि एका चांगल्या, गुळगुळीत फळीला उगाच रंधत बसले. साल निघत होती, पातळ, लांबलचक, जमिनीवर ढीग झाला तरी थांबले नाहीत. संध्याकाळी मी गेले तर म्हणाले, "गावी भाऊ मशिनवर काम करतो बाय. मुलगा बँकेत. ही पेटी उघडायची म्हटली तर जगात एवढीच जागा उरली आहे. दहा बाय दहा." मला रडू आलं. मी भुशाची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं.

वाचवलं अरबाबने. अरबाब म्हणजे आमच्या कंपनीचे बहरीनी मालक. म्हातारे, अरादला समुद्राच्या अंगाला घर, जुन्या माणसांसारखं मुंबईछाप हिंदी बोलणारे. त्यांच्या आजोबांनी एके काळी नावा बांधलेल्या. त्यातल्या एका नावेच्या सागाच्या फळ्या त्यांनी अजून जपून ठेवल्या होत्या आणि त्याच फळ्यांचा दरवाजा हवा होता, घराच्या अंगणातल्या मजलिसला, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीला. अट एकच. एकही खिळा नको, एकही स्क्रू नको, आजोबांच्या वेळेसारखा. साहेब म्हणाले, मशिनला खिळ्याशिवाय जमत नाही. अरबाब म्हणाले, "तो कोने में जो बुढ्ढा बैठता है, उसको बोलो. दरवाजा अच्छा बना, तो कोना रहेगा, बुढ्ढा भी रहेगा." स्वतः अरबाब पंचाहत्तरीचे, पण असो.

म्हणजे एका दरवाजावर मिस्त्रींचा मुक्काम लटकला. अख्ख्या कंपनीला माहीत.

फळ्या आल्या. मिस्त्रींनी पहिलीला हात फिरवला, नाक लावलं, आणि मग चक्क चाटली. साहेब तिथेच उभे होते. "मलबारचा साग," मिस्त्री डोळे मिटून म्हणाले. "खूप फिरलेला. बाय, बघ गो चाटून." मी नाही चाटली. साहेबांना आग्रह झाला, त्यांनी मीटिंग आहे म्हणून सांगितलं.

उन्हाळा होता. वर्कशॉपमध्ये भट्टी पेटलेली. "लाकडाला घाम येता कामा नये," म्हणून मिस्त्रींनी दरवाजा आणि चौकट आमच्या ऑफिसात आणून उभी केली, कारण एसी तिथे. अडीच महिने तो माझ्या टेबलाशेजारी होता. मी शाल पांघरून काम करायची, कारण दरवाजाला थंडी आवडते म्हणून रिमोट मिस्त्रींच्या खिशात. प्यूनपासून साहेबांपर्यंत प्रत्येकजण अंग चोरून दरवाजा आणि टेबलामधल्या फटीतून जायचा. आणि मिस्त्री रोज थोडं रंधायचे, बसवायचे, काढायचे, पुन्हा रंधायचे. बिजागऱ्या नाहीतच. दरवाजाला वर-खाली लाकडी खुंट, ते चौकटीच्या खळग्यात फिरणार. वरच्या खळग्यात बाहेरून ठोकलेली एकच पाचर, करंगळीएवढी. "सगळा दरवाजा ह्या पाचरीवर," मिस्त्री मला दाखवत. "ही काढली, की दरवाजा हातात. नाही काढली, तर हत्ती आणा."

बसला मात्र असा, की व्वा! त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि कडेतून सरकवायचा प्रयत्न केला. गेला नाही. "मिस्त्री, थोडी फट नको का?" मी आपलं विचारलं.

ते हसले. "गावात असतो तर ठेवली असती. आमच्याकडे प्रत्येक दाराला पावसाची फट ठेवतात, दोन सूत. पावसात लाकूड फुगतं ना. इथे पाऊस कुठाय बाय? वर्षातून चार थेंब. मग फट ठेवायची कुणासाठी, उंटासाठी?"

मला पटलं. सगळ्यांना पटलं. इतकी वर्षं बहरीनमध्ये राहिलेली आम्ही माणसं, एकालाही सुचलं नाही, की अरे, इथे पाऊस पडत नाही, पण हवाच ओली असते! मिस्त्रींचंही बरोबर होतं म्हणा. वीस वर्षांत त्यांनी इथे खऱ्या लाकडाचा दरवाजा केलाच नव्हता. भुशाच्या थालीपिठाला ऋतू कळत नाहीत.

ऑक्टोबरात फिटरांनी नेऊन दरवाजा अरादला बसवला. बसवताना मिस्त्री हजर, बोटभर उघडा ठेवून आले, अरबाब बघतील तेव्हाच पहिल्यांदा बंद होऊ दे म्हणून. चार दिवस मजलिस रिकामी, एसी बंद, समोर समुद्र. ती चिकट हवा अशी, की गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि आपला नवरा समजून माणूस दुसऱ्याशी बोलायला लागतो.

आणि बघायचा दिवस आला नेमका खंडेनवमीला.

खंडेनवमी म्हणजे मिस्त्रींच्या हत्यारांची सुट्टी. नईम वस्तीतल्या त्यांच्या खोलीत पाट मांडून त्यावर सगळी पेटी झोपवायची, हळदकुंकू, झेंडू मिळाला तर झेंडू, नाहीतर प्लास्टिकचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत कुठल्याही हत्याराला हात नाही. आणि मिस्त्रींची कुठल्याहीची व्याख्या मोठी. त्या दिवशी ते नखं कापत नसत. दाढी नाही. कांदा हाताने फोडायचा. केस विंचरत नसत, कारण कंगव्याला दात असतात, म्हणजे ती करवतीची धाकटी बहीण. ते साहेबांकडे जाऊन म्हणाले, उद्या जाऊ या. साहेब म्हणाले, अरबाबचं कॅलेंडर ब्लॉक झालंय. तेव्हा केस विस्कटलेले, दाढी वाढलेली, हात रिकामे, असे मिस्त्री आमच्याबरोबर गाडीत बसले.

अरबाब मजलिसमध्ये गालिच्यावर बसून होते. त्यांनी आम्हाला आत बोलावलं. मिस्त्री म्हणाले, "मी बाहेर थांबतो. काम बघा, मला काय बघायचं." आत मी, साहेब आणि अरबाब. गावा आला, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, बिनदांड्याच्या इवल्या कपात. पुरे झालं की कप हलवून दाखवायचा असतो, नाहीतर यजमान ओततच राहतो. हे साहेबांना आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. ते कप संपवून नम्रपणे पुढे करायचे, अरबाब भरायचे. मी खुणा केल्या, साहेबांना वाटलं मलाही हवीय. नऊ कप मी मोजले.

मग साहेब उठले. "सर, फिनिशिंग बघा. कागद जाणार नाही," असं म्हणत त्यांनी दरवाजा ढकलला. तो बंद होता होता अडला. बाहेर मिस्त्रींनी नुकताच कडेवरून तळहात फिरवून फुगवटा ओळखला असावा, कारण ते ओरडले, "साहेब, थांबा! लोटू नका!" पण पुण्याचा माणूस एकदा डेमो द्यायला लागला की थांबतो का? त्यांनी खांदा लावला. धप्प!

बंद झाला. इतका बंद, की बाहेरचा आवाजही निम्मा झाला.

साहेबांनी ओढला. मी ओढला. दोघांनी ओढला. दरवाजा हूं की चूं नाही. मजलिसला दुसरं दार नाही, खिडकीला लोखंडी जाळी. मी खिडकीशी गेले, तर मिस्त्री जाळीपलीकडे येऊन उभे. चेहरा पांढराफटक.

"पावसाची फट," ते म्हणाले. "बाय, मी पावसाची फट विसरलो. माझ्या बापाने मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट." त्यांचे डोळे भरले होते. "गेला गो कोपरा."

मलाही तसंच वाटलं. वाईट वाटलं, राग आला, आणि साहेबांना एक चापट मारावीशी वाटली.

साहेब तोपर्यंत एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलू लागले होते. नऊ कप. "सिव्हिल डिफेन्सला फोन करू," ते म्हणाले. म्हणजे इथला आगीचा बंब.

"मफी सिव्हिल डिफेन्स," म्हणजे ते काही नाही, असं अरबाब बसल्या जागेवरून म्हणाले. "वो लोग कुल्हाडी लायेगा. मेरे दादा का लकडी है. कोई तोडेगा नहीं. जिसने बनाया, वो खोलेगा." आणि त्यांनी साहेबांना दहावा कप भरला.

"मिस्त्री, पाचर!" मी जाळीतून ओरडले. "पाचर काढा ना, बाहेरूनच आहे!"

"कशाने काढू? ती पण फुगली असणार. पटाशी लागेल, हातोडी लागेल. आज खंडेनवमी."

"अहो, दगडाने ठोका!"

"दगडाने ठोकलं, की दगड हत्यार झाला."

"मिस्त्री, साहेबांना जायचंय!"

"मला पण जायचंय आता. गावी." असं म्हणून ते अंगणात खजुराच्या झाडाखाली जमिनीवर बसले. त्या माणसाचा सगळा मुलूख जायला निघाला होता आणि त्याला वाचवू शकणारी पेटी नईममध्ये फुलं घालून झोपली होती. तिला उठवायचं तर ज्यासाठी कोपरा हवा होता तेच मोडायचं. मी जाळी धरून उभी. आणि मला दिसली, झाडाच्या बुंध्याशी फिटर विसरून गेलेली निळी पेटी. ड्रिल मशिनची.

"मिस्त्री," मी म्हटलं, "तो भोक पाडणारा फोन तिथे आहे."

त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

"तुम्ही दिवसातून तीनदा काय सांगता? ते हत्यार नाही. बरोबर?"

"नाहीच."

"मग त्याला सुट्टी कसली?"

मागे साहेब "प्लीज, मिस्त्री, प्लीज" असं काहीतरी पुटपुटत होते. मिस्त्री निळ्या पेटीकडे बघत होते, मग दरवाजाकडे, मग पुन्हा पेटीकडे. एवढा वेळ लावला, की अरबाबने विचारलं, नमाज पढतोय का. शेवटी ते उठले. चपला पायातच ठेवल्या, मुद्दाम, मला दिसेल असा पाय आपटून. मशिन दोन बोटांनी उचललं, मेलेला पक्षी उचलावा तसं.

"कुठून चालू होतं हे?"

"खाली घोडा आहे, दाबा."

घर्रर्र! त्यांनी ते टाकलंच. पुन्हा उचललं. अंगणातली खुर्ची ओढून वर चढले. मला आतून फक्त आवाज. "काय गो, जात नाही हे!" "उलटं फिरतंय, बाजूचं बटण दाबा!" "हे?" "दुसऱ्या बाजूचं!" "बाय, हे थरथरतंय!" "घट्ट धरा!" आणि मग आवाज बदलला. एका लयीत घर्रर्र, थांबला, पुन्हा घर्रर्र. आणि त्या आवाजाखाली मला हळूच ऐकू आलं, "उगी रव, उगी रव, आता झाला." फळीशी बोलत होते की मशिनशी, देव जाणे.

भुसा पडला. पाचर पोखरून निघाली. खुंट सैल झाला, वरून दोन बोटं फट पडली, आम्ही आतून ढकललं आणि मिस्त्रींनी दरवाजा अंगावर घेऊन अलगद भिंतीला टेकवला. साहेब त्यांच्या अंगावरून उडी मारून अंगणापलीकडे दिसेनासे झाले.

अरबाब सावकाश उठून बाहेर आले. मिस्त्री मान खाली घालून उभे. अरबाबने दरवाजाच्या कडेवर हात फिरवला आणि हसायला लागले. इतके हसले, की डोक्यावरचा रुमाल सरकला.

"मिस्त्री, तुम दरवाजा नहीं बनाया. तुम नाव बनाया," ते म्हणाले. "ये लकडी को आदत है. हवा में पानी आया, तो फूलता है, एक बूंद अंदर नहीं छोडता. मेरा दादा ऐसा ही बनाता था." आणि परत आलेल्या साहेबांकडे वळून, "कोना रहेगा. बुढ्ढा रहेगा. लेकिन मिस्त्री, मेरे लिए थोडा फट रखो. मेरे को बाहर भी आना है."

मिस्त्री म्हणाले, "कल." अरबाब म्हणाले, "इंशाल्ला." मिस्त्री म्हणाले, "इंशाल्ला नहीं. कल. आज छुट्टी है."

दसऱ्याला सकाळी सहाला, दाढी करून, केस विंचरून, मिस्त्री पेटी घेऊन अरादला हजर होते. दोन सूत फट आणि नवी पाचर. जुनी, भोक पडलेली पाचर त्यांनी खिशात घातली.

व्हिसा रिन्यू झाला. कडा चिकटवायचं मशिन साहेबांच्या केबिनबाहेर लागलं, त्यामुळे आता आवाज त्यांनाच. मिस्त्री पहिल्यासारखे धार लावत, टेबलाखाली जात. ड्रिलबद्दल मात्र चकार शब्द काढत नसत, चांगलाही नाही, वाईटही नाही. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "बाय, काम कर."

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पूजा नईमला न मांडता कोपऱ्यात मांडली. मी सकाळी ऑफिसात पोचले तर साहेब कोपऱ्यापाशी उभे, हातात कंपनीच्या नव्या बोर्डाची फ्रेम. "मिस्त्री, फिटर सगळे साइटवर आहेत. जरा ड्रिल द्या ना, दोन भोकं पाडायची आहेत."

पाटावर हत्यारं ओळीने झोपलेली. मधे वडिलांचा रंधा, त्याच्या बाजूला वाकस, पटाशा, करवती. आणि अगदी टोकाला, जरा अंतर ठेवून, ड्रिल मशिन. बॅटरी काढून शेजारी ठेवलेली. दोघांवर कुंकू. समोर ती भोक पडलेली पाचर. मिस्त्री बाजूला उभे होते, पायात चपला नव्हत्या.

"उद्या, साहेब," ते म्हणाले. "आज त्याची सुट्टी आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी पाटाकडे. मग त्यांनी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली, बूट काढले आणि हात जोडले.

मी निघाले, तर मागून हाक आली. "बाय! कुठे चाललीस? तुझा उंदीर घेऊन ये."

"काय?"

"उंदीर गो तुझा. आण इकडे. इथे जागा ठेवलीय त्याला."

खरंच ठेवली होती. गिरमिट आणि गुण्याच्या मधे, तळहाताएवढी. मी धावत जाऊन माऊस काढून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पाटावर ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि करंगळीने कुंकू लावलं. मी भुशाची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही रेघ ओढली नाही.